दुसऱ्या वाढपाची परवानगी

1792 च्या सप्टेंबरात उत्तर फ्रान्समधल्या दुए गावाहून सतरा वर्षांच्या एका मुलाने आयर्लंडमधल्या थोरल्या काकांना पत्र लिहिलं. तो आणि त्याचा धाकटा भाऊ ऑगस्टातच सेंट ओमेरचं कॉलेज सोडून दुएच्या इंग्लिश कॉलेजात आले होते. पत्रातली मुख्य अडचण जेवणाची होती. इथे पानात फार थोडं पडतं. बहुतेक मुलं वेगळे पैसे भरून दुसऱ्यांदा वाढून घेतात. आठवड्यातून किती वेळा घेणार, त्याप्रमाणे वर्षाला तीन-चार पौंड पडतात. आपली परवानगी असेल तर सवडीने तसं कळवावं. सुऱ्या-काटे वगैरे किरकोळ सामान आल्या आल्या विकत घ्यावं लागलं, तेही त्याने पत्रात घातलं होतं.

त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पॅरिसच्या तुरुंगांत घुसून जमावाने हजारावर कैदी कापून काढले होते. त्यांत दोनशेहून जास्त धर्मगुरू होते. राजा कैदेत होता आणि प्रशियाची फौज सरहद्द ओलांडून आत आली होती. अशा वेळी कॅथलिक धर्मगुरूंनी चालवलेल्या कॉलेजात बसून हा मुलगा दुसऱ्या वाढपाची परवानगी मागत होता. यात हसण्यासारखं काही नाही. राज्यक्रांती असो वा नसो, सतराव्या वर्षी भूक लागतेच, आणि खर्चाला मंजुरी देणारा माणूस समुद्रापलीकडे असेल तर ती त्याच्याकडेच मागावी लागते.

हा मुलगा म्हणजे डॅनिएल ओ'कॉनेल. पुढे त्याच्या चळवळीमुळे 1829 साली ब्रिटिश पार्लमेंटचे दरवाजे कॅथलिकांना उघडले, आणि डब्लिनचा हमरस्ता आज त्याच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या चरित्रांत लाखालाखाच्या सभा येतात, भाषणं येतात, तुरुंगवास येतो. विद्यार्थिदशेतली पत्रं मात्र दोन-चार पानांत उरकली जातात. माझ्या मते तिथेच घाई होते. लिहून पटवण्याची सवय त्याला लागली ती काकांना पाठवलेल्या या हिशेबी पत्रांतून.

मुलं एवढ्या लांब का पाठवायची, याचं उत्तर शंभर वर्षं मागे जाऊन शोधावं लागतं. इंग्लंडच्या प्रोटेस्टंट राजसत्तेने आयर्लंडमधल्या कॅथलिकांवर एकामागून एक कायदे लादले. 1695 च्या कायद्याने मुलांना कॅथलिक शिक्षणासाठी परदेशी पाठवणं हा गुन्हा ठरवला आणि देशातही कॅथलिकांना शाळा चालवायला बंदी केली. दोन्ही बाजूंनी कोंडी झाली. तरीही मुलं जात राहिली. सालामांका, लूव्हाँ, पॅरिस, रोम अशा ठिकाणी आयरिश कॉलेजं आधीपासून होती, तिथे मुख्यतः पाद्री तयार होत. घराण्यातल्या इतर मुलांना फ्रान्स, स्पेन, ऑस्ट्रियाच्या फौजा नोकरी देत. 1782 नंतर कायदे सैल झाले, मायदेशात काही शाळा निघाल्या, पण श्रीमंत कॅथलिक घराला साजेसं उच्च शिक्षण अजून तिथे मिळत नव्हतं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजची पदवी घ्यायची तर कॅथलिकांना न पटणाऱ्या शपथा आड येत.

केरी परगण्याच्या टोकाला, अटलांटिकच्या काठावर, डेरिनेन नावाची जागा आहे. मागे डोंगर, पुढे समुद्र, आणि त्या काळी गाडीरस्ता नाही. ओ'कॉनेल घराणं इथलं. घरचे प्रमुख मॉरिस ओ'कॉनेल, जन्म 1728 चा. लोक त्यांना ‘हंटिंग कॅप’ म्हणत. बीव्हर टोपीवर सरकारने कर बसवला तेव्हा तो भरायला नको म्हणून यांनी शिकारीची टोपी घालायला सुरुवात केली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो नसो, माणूस असाच होता. जमीन राखणं कॅथलिकांना अवघड असण्याच्या काळात त्यांनी ती राखली आणि वाढवली. त्यामागचा पैसा बराचसा चोरट्या व्यापाराचा होता. डेरिनेनच्या खाडीत रात्री गलबतं लागत, त्यांतून फ्रान्सची दारू उतरे. जाताना हीच गलबतं कातडी आणि लोकर नेत, आणि परदेशी फौजेत भरती व्हायला निघालेली पोरंही.

मॉरिसना मूलबाळ नव्हतं. त्यांचे भाऊ मॉर्गन काहरसिव्हीनजवळ कारहनला राहून दुकान चालवत. त्यांना दहा मुलं. त्यांतला थोरला डॅनिएल, जन्म 6 ऑगस्ट 1775. तान्हेपणीच त्याला डोंगरातल्या एका गुराख्याच्या घरी वाढायला ठेवलं होतं, तशी तिथल्या घराण्यांची रीतच होती. चौथ्या वर्षापर्यंत आयरिश हीच त्याची भाषा. पुढे मॉरिस काकांनी त्याला वारस म्हणून डेरिनेनला आणलं. ज्याला वारस करायचं त्याच्या शिक्षणाचा खर्च आपला, आणि ज्याचा खर्च आपला त्याने आपल्याला जाब द्यायचा, हा काकांचा सरळ व्यवहार होता. म्हणून परदेशातून डॅनिएल लिहायचा ते काकांना. आई-वडील जिवंत होते, पण थैली काकांच्या हातात होती.

या घराला परदेशातून येणाऱ्या पत्रांची सवय जुनी होती. मॉरिस यांच्या आईला बावीस मुलं झाली असं सांगतात. त्यांतला सर्वांत धाकट्यांपैकी एक, तोही डॅनिएलच, 1760 च्या सुमारास पंधरा-सोळाव्या वर्षी फ्रेंच फौजेत गेला. तिथून तो तीसेक वर्षं थोरल्या भावाला पत्रं लिहीत राहिला. बढती झाली की लिहायचा, अडली की लिहायचा. फ्रेंच दरबारात प्रवेशासाठी जुनं कूळ सिद्ध करायची वेळ आली तेव्हा वंशावळीचे कागदही घरूनच मागवले. पुढे तो काउंट झाला, सेनाधिकारी म्हणून नाव मिळवलं. पुतण्यांना कुठे पाठवावं, यावर मॉरिस यांनी सल्ला घेतला तो या धाकट्या भावाचाच. याच घरातली बहीण आयलीन. तिच्या नवऱ्याने ऑस्ट्रियाच्या फौजेत नोकरी केली होती. 1773 साली कॉर्क परगण्यात तो गोळी लागून मेला, आणि तिने त्याच्यासाठी केलेला आयरिश भाषेतला शोक आजही त्या भाषेतली मोठी कविता मानली जाते. सांगायचा मुद्दा एवढाच की या घराचे धागे फ्रान्सपासून व्हिएन्नापर्यंत पसरलेले होते आणि ते सगळे डेरिनेनच्या एका टेबलावर येऊन मिळत.

शिकायला निघालेले डॅनिएल आणि त्याचा धाकटा भाऊ, त्याचंही नाव मॉरिसच, आधी लिएजला पोचले. तिथे वय जास्त म्हणून प्रवेश नाकारला गेला. आता काय करायचं? काकांना विचारायचं. पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत सहाएक आठवडे दोघं लूव्हाँला थांबून राहिले. धाकट्या मॉरिसने ते दिवस मजेत काढले. डॅनिएल स्वतःहून तिथल्या वर्गात जाऊन बसू लागला आणि उत्तर येईपर्यंत वर्गात वरच्या जागेवर पोचला होता. निदान म्हातारपणी तो स्वतः तसं सांगत असे. ओ'कॉनेलच्या आठवणींत ओ'कॉनेल सहसा वरच्याच जागेवर असतो, हे ध्यानात ठेवून त्या वाचाव्यात. पण सहा आठवड्यांचं थांबणं खरं वाटतं. त्या काळी पत्राची वाट पाहणं म्हणजे आयुष्याची वाट पाहणं होतं, कारण पुढचं पाऊल त्या पत्रात असायचं.

1791 मध्ये दोघं सेंट ओमेरला शिकू लागले. हे कॉलेज इंग्लिश जेझुइटांनी 1593 साली काढलं होतं. जेझुइटांना फ्रान्समधून हाकलल्यावर ते इतर इंग्लिश धर्मगुरूंकडे गेलं. काकांचा हुकूम होता की परीक्षेतले क्रमांक कळवायचे. फेब्रुवारी 1792 च्या पत्रात डॅनिएल सुरुवातीलाच सांगतो की आपल्या आज्ञेप्रमाणे क्रमांक कळवता यावेत म्हणूनच उत्तर लांबवलं. लॅटिन, ग्रीक आणि इंग्रजीत दुसरा, फ्रेंचमध्ये अकरावा. फ्रान्समध्ये राहून फ्रेंचमध्ये अकरावा! पण कॉलेज इंग्रजांचं होतं, बोलणं इंग्रजीतच चाले, हे ध्यानात घेतलं तर नवल उरत नाही. मग सिसेरो, सीझर, डेमॉस्थेनिस, होमर, झेनोफन, अशी कुठल्या भाषेत काय वाचतो त्याची यादी. सर्वांसमोर उभं राहून वाचन-भाषांतर चांगलं केलं म्हणून प्राचार्य स्टेपलटन यांनी अर्धा क्राउन बक्षीस दिला, हेही त्याने काकांना कळवायचं सोडलं नाही.

हे पत्र प्रगतिपुस्तक आहे, पण ते मुलाने स्वतः लिहिलेलं आहे. अकरावा क्रमांक लपवता आला असता, कारण डेरिनेनला पडताळा कोण घेणार होतं? तसं नव्हतं मात्र. काकांनी कॉलेजकडूनही अभिप्राय मागवला होता. स्टेपलटन यांनी धाकट्या मॉरिसबद्दल बेताचं लिहिलं, आणि डॅनिएलबद्दल असं की हा मुलगा समाजात मोठं नाव काढणार नसेल तर माझा अंदाज जन्मात इतका चुकला नसेल. शाळामास्तरांनी लिहिलेल्या भाकितांत एवढं खरं ठरलेलं भाकीत विरळाच. गंमत अशी की ते खर्च करणाऱ्या काकांच्या चौकशीला दिलेलं उत्तर होतं.

दुएला आल्यावर दिवस पालटले. त्या शरद ऋतूत फ्रेंच सेनापती द्युमुरिएच्या फौजेतले लोक रस्त्याने जात. एका गाडीवानाने या मुलांकडे बोट दाखवून, हे पाहा छोटे जेझुइट, छोटे जोगडे, अशी हेटाळणी केली, ती ओ'कॉनेलला शेवटपर्यंत आठवत होती. रस्त्यावर कधी काय होईल सांगता येत नव्हतं. पण कॉलेज सोडायचं तर परवानगी लागणार, शिवाय प्रवासखर्च लागणार. धाकटे काका काउंट तोवर फ्रान्समधून निसटून लंडनला आले होते. त्यांच्याशी आणि डेरिनेनशी अशा दोन्हीकडे पत्रं चालू झाली. अखेर जानेवारी 1793 मध्ये दोघं भाऊ निघाले. सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला त्याच दिवशी, 21 तारखेला, त्यांनी दुए सोडलं असं चरित्रकार लिहितात.

जीव सांभाळायचा म्हणून वाटेत दोघांनी टोप्यांवर क्रांतीच्या तिरंगी फिती लावल्या होत्या. कॅलेहून जहाज निघालं तशा त्यांनी त्या काढून समुद्रात फेकल्या. जवळच्या होडीतल्या फ्रेंच कोळ्यांनी त्या उचलल्या आणि शिव्या घातल्या. त्याच जहाजावर कॉर्कचे दोन वकील बंधू होते, हेन्री आणि जॉन शिअर्स. राजाच्या रक्तात भिजवलेला रुमाल ते अभिमानाने दाखवत होते, असं ओ'कॉनेल पुढे सांगे. पाच वर्षांनी, 1798 च्या उठावात, या दोघांना डब्लिनमध्ये फाशी झाली. ओ'कॉनेल जन्मभर रक्तपाताच्या राजकारणापासून दूर राहिला, त्याचं मूळ बरेच जण या प्रवासात शोधतात. मूळ एकाच प्रसंगात सापडत नसतं, पण त्या प्रसंगाचा वाटा होता एवढं म्हणायला हरकत नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्याच दिवशी फ्रान्सने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारलं. दुए आणि सेंट ओमेर ही दोन्ही कॉलेजं सरकारने ताब्यात घेतली, तिथले शिक्षक-विद्यार्थी कैदेत पडले. स्टेपलटन आपल्या मुलांना घेऊन 1795 मध्ये इंग्लंडला पोचू शकले. ओ'कॉनेल बंधू काही आठवडे उशीर करते तर तेही त्या कैदेत असते. लंडनहून डॅनिएलने डेरिनेनला लिहिलं, त्याचा सूर खुलाशाचा होता. आम्ही इतक्या तडकाफडकी निघालो नसतो, पण धाकट्या काकांनी तसा सल्ला दिला, आणि सैनिकांच्या अपमानामुळे कॉलेजबाहेर पाऊल टाकणं कठीण झालं होतं. राज्यक्रांतीच्या तोंडातून सुटून आलेला मुलगाही आधी जाब देतो आणि मग सुस्कारा टाकतो!

धाकट्या मॉरिसचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगण्यासारखंच आहे. काउंट काकांनी इंग्लंडच्या पगारावर उभ्या केलेल्या आयरिश पलटणीत तो गेला आणि काही वर्षांतच कॅरिबियनमधल्या सेंट डोमिंगला मेला.

डॅनिएलचं नशीब कायद्याने उघडलं. 1792 च्या सवलतीमुळे कॅथलिकांना वकील होता येऊ लागलं. जानेवारी 1794 मध्ये त्याने लंडनच्या लिंकन्स इनमध्ये नाव घातलं. आता अंतर कमी झालं, पण पत्रांतली तंगी तशीच राहिली. लंडन महाग, पुतण्या उमदा, काका कंजूष. तेव्हा टपालाचा खर्चही बहुधा पत्र घेणाऱ्याने द्यायचा असे, अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर. म्हणजे पैसे मागणाऱ्या पत्राचे पैसेही काकांनाच पडत.

एकदा डॅनिएल लंडनहून सुट्टीवर केरीत आला. तो गेल्यावर काकांनी त्याच्या आईला लिहिलेलं पत्र आज वाचलं तरी हसू आवरत नाही. आशय असा: तुझा मुलगा दहा दिवसांपूर्वी इथून गेला, आणि जाताना माझा आवडता घोडा घेऊन गेला. घोडा नेला नसता तर मुलगा गेल्याचं मला फारसं वाटलं नसतं. सध्या तो कुठे सशांची, कुठे कोल्ह्यांची बिळं, कुठे पाणमांजरांच्या गुहा धुंडाळतो आहे आणि लग्नाच्या जेवणावळी झोडतो आहे असं ऐकतो. नावाला कायद्याचा विद्यार्थी असलेल्याला हे उद्योग शोभतातच! त्याच्या उदार हातामुळे माझ्या थैलीत पोकळी पडली आहे आणि मनावर सहज न पुसणारा ठसा. असं लिहिणाऱ्या काकांना उत्तर लिहायचं म्हणजे पुतण्याला लेखणी घासूनच बसावं लागत असणार.

तसा तो बसलाही. डिसेंबर 1795 मध्ये लंडनबाहेरच्या चिझिकहून लिहिलेल्या पत्रात तो आधी जागा बदलल्याचं समर्थन करतो: खर्च लंडनएवढाच, पण हवा चांगली, अभ्यासाला एकांत, आणि घरात राहणारी मंडळी जाणती. मग तो आपले दोन हेतू मांडतो. एक विद्या मिळवणं, दुसरा सभ्य गृहस्थाला शोभेल असं वागणं शिकणं. त्यानंतर महत्त्वाकांक्षेवर येतो: माझ्याइतकी ती कुणात नसेल, तिच्यामुळे कष्ट सुखाचे होतात, आणि बुद्धी दुय्यम मिळाली असली तरी व्यवसायातली दुय्यम जागा मी कधी स्वीकारणार नाही. वीस वर्षांच्या मुलाने लिहिलेलं हे पत्र चरित्रकार तरुणाचा आत्मविश्वास म्हणून उद्धृत करतात. मला त्यात वकील दिसतो. आधी खर्चाचं कलम निकालात काढायचं, मग न्यायाधीशाच्या स्वभावाला पटेल असा युक्तिवाद करायचा. काकांना महत्त्वाकांक्षा कळत होती. जमिनीच्या एका तुकड्यासाठी त्यांनीही आयुष्य घातलं होतं.

पत्रात जे नव्हतं ते त्याच सुमारास तो रोजनिशीत लिहीत होता. तिथे त्याने वाचलेला थॉमस पेन आहे, गॉडविन आहे, गिबन आहे, आणि बाळपणीच्या श्रद्धेपासून दूर गेलेलं मन आहे. ज्या श्रद्धेसाठी या घराने शंभर वर्षं मुलं समुद्रापार पाठवली तीच डळमळली आहे, हे डेरिनेनला कसं कळवणार? ते त्याने कळवलं नाही. पुढे तो पुन्हा धर्माकडे वळला आणि प्रश्न आपोआप मिटला.

डिसेंबर 1796 मध्ये फ्रेंच आरमार आयर्लंडच्या बँट्री खाडीत आलं. तेव्हा डब्लिनमध्ये शिकणाऱ्या डॅनिएलला वकिलांच्या स्वयंसेवक पथकात जायचं होतं. सगळे सोबती जात आहेत, मागे राहिलो तर संशय येईल, असं त्याने काकांना लिहिलं आणि परवानगी मागितली. ती आधी मिळेना, मग मिळाली. वयाच्या एकविसाव्या वर्षीही गणवेश चढवायला डेरिनेनची मंजुरी लागत होती. 19 मे 1798 रोजी तो आयरिश बारमध्ये दाखल झाला आणि विद्यार्थिदशा संपली.

जाब देण्याची सवय एका ठिकाणी मोडली. जुलै 1802 मध्ये त्याने दूरच्या नात्यातल्या मेरी ओ'कॉनेलशी गुपचूप लग्न केलं. तिच्याकडे हुंडा नव्हता, आणि काकांच्या लेखी हुंडा नसलेली मुलगी म्हणजे तोटा. कित्येक महिने नवरा-बायको वेगवेगळे राहिले आणि चोरून पत्रं लिहीत राहिले. कळल्यावर काका संतापले आणि वारशात मोठी काटछाट केली. पुढे राग बराच निवळला. 1825 मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी ते वारले तेव्हा डेरिनेन डॅनिएलकडेच आलं.

तोवर तो आयर्लंडमधल्या सर्वांत मोठ्या वकिलांत गणला जात होता आणि कर्जात बुडालेला होता. 1822 मध्ये घरखर्च कमी व्हावा म्हणून बायकोमुलांना त्याने फ्रान्सला पाठवलं होतं, आधी पो, मग तूर. या वेळी परदेशातून पत्रं येत होती ती त्याच्या नावे, आणि खर्च भागवायची वेळ त्याच्यावर होती. पस्तीस वर्षं काकांनी त्याला हिशेब शिकवला. तो लिहायला शिकला, हिशेब शिकला नाही.

त्याचा पत्रव्यवहार 1972 ते 1980 या काळात आठ खंडांत छापला गेला. संपादक मॉरिस आर. ओ'कॉनेल हे त्याचेच वंशज. पहिला खंड 1792 पासून सुरू होतो, म्हणजे कॉलेजातल्या मुलापासून. ज्यांना सभांमधला ओ'कॉनेल आधीच माहीत आहे त्यांनी या खंडापासून सुरुवात करावी, आणि काकांची पत्रं वगळू नयेत.